वेळासला दोन रात्री



मार्चमध्ये आपल्या सोसायटीची बारा माणसं वेळासला जाऊन आली. फोटो बघून सगळ्यात पहिला प्रश्न आला तो असा, "कासवं बघायला एवढ्या लांब कशाला? मोरजीला नाहीत काय?" प्रश्न बरोबर आहे. मोरजी आपल्या हाकेच्या अंतरावर. गोव्यात कासवाची म्हणून ठरलेल्या किनाऱ्यांत मोरजी आणि मांद्रे आपल्याच पेडण्यात, आगोंद आणि गालजीबाग तिकडे काणकोणात. पण आम्ही कासव बघायला गेलो नव्हतो. कासवाच्या जोरावर एक गाव कसं चालतं ते बघायला गेलो होतो. आणि खरं सांगायचं तर एका घराचा विषय डोक्यात होता. तो पुढे सांगतो.

पहाटे चारला गाडी काढली. सात पुरुष, पाच बायका. पत्रादेवी ओलांडली तेव्हा अजून काळोख होता. 66 नंबरच्या हायवेने निवळीपर्यंत, तिथून जयगड. जयगड ते तवसाळ फेरीबोट, पुढे गुहागर, मग धोपावे ते दाभोळ दुसरी फेरीबोट. केरी-तेरेखोलच्या फेरीची सवय असलेल्या आपल्या माणसांनी दोन्हीकडे उतरून इंजिनाचा आवाज, पाण्याची ओढ, रॅम्प कसा लावतात हे सगळं तपासून घेतलं. ड्रायव्हरला गाडीत बसवून सगळे रेलिंगला. पर्यटक म्हणून गेलो तरी आपण पर्यटक होत नाही.

दापोलीवरून हर्णैला पोचलो ते संध्याकाळच्या लिलावाला. हर्णै टाळून पुढे गेलो असतो तर बायकांनी गाडीतून उतरवलं असतं. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, त्याच्या आडोशाला बोटी, आणि वाळूवर मासळीचे ढीग. लिलाव थेट किनाऱ्यावर. कोळंबी, पापलेट, सुरमई, बांगडा, मोरी, जे आलं असेल ते पायाशी ओतलेलं, भोवती घोळका आणि बोलीवर बोली. आमच्या एका वहिनींनी सवयीने भाव विचारला आणि "आमच्या म्हापशात ह्याचे किती येतील" याचा हिशेब तिथल्या तिथे सुरू केला. दोन बोटवाल्यांशी बोललो. गोव्याचे म्हटल्यावर पहिल्यांदा चेहरा जरा आखडला. आपले काही ट्रॉलर त्यांच्या हद्दीत येऊन मारून जातात हा राग आहेच, तो खोटा नाही. एलईडी लावून मासेमारी करायला केंद्राने 2017 च्या नोव्हेंबरमध्ये बंदी घातली. बंदी कागदावर किती आणि समुद्रात किती, यावर त्यांचं-आमचं एकमत लगेच झालं. मग चहा आला.

वेळासला पोचायला रात्र झाली. आंजर्ले, केळशी करत शेवटचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी, गाव येईपर्यंत दिवा नाही. हे गाव मंडणगड तालुक्यात, रत्नागिरी जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला. बाजूला बाणकोट, तिथे सावित्री नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे रायगड जिल्हा लागतो. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून पुस्तकात नाव वाचलेलं असेल. गावात शिरल्यावर मात्र नानांपेक्षा नारळी-पोफळीच जास्त दिसतात. वाडीतून जाणारी दगडी पाखाडी, पाटाचं पाणी, कौलारू घरं, अंगणात सारवलेलं. आवाज म्हणाल तर रातकिडे आणि लांबून समुद्र.

आम्ही दोन घरांत उतरलो. हॉटेल नाही. घरच. माजघरात आणि ओटीवर गाद्या घातलेल्या, न्हाणीघर परसात, एसी नाही, टीव्ही नाही. जेवणाची वेळ ठरलेली आणि ताट शाकाहारी. ही गोष्ट आम्हाला आधी फोनवर सांगितली होती, पण मी ती पुढे सगळ्यांना सांगायला विसरलो, चूक माझी. आमच्यातल्या एका काकांनी पिशवीतून सुके बांगडे आणले होते. पिशवी आत ठेवल्यावर दहा मिनिटांत घराला वास. घरच्या काकू काही रागावल्या नाहीत. हसत म्हणाल्या, "ती पिशवी तेवढी गोठ्याकडच्या पडवीत ठेवा हो, मांजरं मात्र तुमची तुम्ही सांभाळा." काका रात्री दोन वेळा उठून पिशवी बघून आले. जेवणाला कुळथाचं पिठलं, भाकरी, सोलकढी, दुसऱ्या दिवशी उकडीचे मोदक. मासळीशिवाय दोन दिवस निघतात हे आमच्यातल्या काहींना त्या दिवशी कळलं.

आता कासवाचं. हे कसं सुरू झालं ते ऐकण्यासारखं आहे. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था, भाऊ काटदरे त्यातले मुख्य. 2002 साली ही मंडळी समुद्री गरुडाची घरटी मोजत किनाऱ्याने फिरत होती. वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं मिळाली. तेव्हा किनारपट्टीवर बऱ्याच ठिकाणी अंडी उकरून न्यायची, खायची, विकायची ही पद्धतच होती. उरलेली कोल्ही-कुत्री खायची. संस्थेने गावातल्याच माणसांना हाताशी धरलं. जो माणूस पावलाच्या खुणेवरून घरटं शोधायचा त्यालाच राखणीला ठेवला, कारण घरटं शोधायची अक्कल त्याच्याकडेच होती. 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला, लोक बघायला यायला लागले, त्यांना राहायला जागा नव्हती म्हणून घरं उघडली. पुढे वनखातं आणि त्यांचा कांदळवन कक्ष यात आला. आता राखण करणाऱ्यांना कासवमित्र म्हणतात.

मोरजीतही नव्वदीच्या दशकात गावच्याच माणसांनी राखण सुरू केली होती, हे आपण विसरायला नको. फरक पुढे पडला. का पडला यावर गाडीत येताना दोन तास भांडण झालं, ते इथे लिहीत नाही.

काम असं चालतं. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी थंडीत रात्रीची वर येते, साधारण नोव्हेंबर ते मार्च. मागच्या पायांनी दीड फुटाचा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू ओढून, अंगाने दाबून समुद्रात परत. पिल्लांना ती परत बघत नाही. कासवमित्र पहाटे पूर्ण किनारा चालतात. तिच्या पायांचे, घसटत गेल्याचे पट्टे वाळूवर दिसतात, जसा लहान ट्रॅक्टर जाऊन आलाय. अंडी हलक्या हाताने काढून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीचा, तशाच आकाराचा खड्डा करून पुरतात. काढताना अंडं उलटंपालटं करायचं नाही, वरची बाजू वर. प्रत्येक खड्ड्यावर तारीख आणि अंड्यांचा आकडा. पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, वाळूच्या उष्णतेवर आहे. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त, असा हा प्रकार. पिल्लं निघायचा सुमार आला की त्या खड्ड्यावर टोपली उपडी घालतात. सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला टोपल्या उचलून बघतात. असतील तर सोडतात. नसतील तर नाहीत.

आम्हाला पहिल्या सकाळी नव्हती. संध्याकाळीही नव्हती. पुण्या-मुंबईची साठ-सत्तर माणसं दोरीच्या मागे उभी होती, काहींचा चेहरा पडला, एकाने "पैसे भरून आलोय" असं म्हणून बघितलं. कासवमित्राने शांतपणे सांगितलं की पैसे राहण्या-जेवण्याचे घेतलेत, पिल्लाचे नाही. मला हे उत्तर फार आवडलं. आपल्याकडे गिऱ्हाईक ओरडलं की आपण लगेच नमतो.

मधल्या वेळात बाणकोटचा किल्ला चढून आलो. हिंमतगड म्हणतात. इंग्रजांनी 1755 मध्ये घेतला आणि फोर्ट व्हिक्टोरिया नाव ठेवलं. वरून सावित्रीचं मुख, पलीकडचं हरिहरेश्वर आणि मधला वाळूचा दांडा स्पष्ट दिसतो. आमच्या तांडेलांनी वरूनच बोट आत कुठून घ्यायची ते बोटाने दाखवलं आणि आपसात वाद घातला. दुपारी वेळासचा किनारा चाललो. लांब, सपाट, मागे सुरूचं बन आणि केवडा. एक खुर्ची नाही, एक छत्री नाही, एक बल्ब नाही. बल्बाचं महत्त्व मोठं आहे. पिल्लू खड्ड्यातून निघालं की जिकडे उजेड दिसतो तिकडे चालतं. काळोख्या किनाऱ्यावर समुद्राकडचं आभाळ उजळ असतं, म्हणून ते बरोबर पाण्याकडे जातं. मागे हॉटेलाचे दिवे असले की पिल्लू उलटं रस्त्याकडे चालायला लागतं. आपल्या बाजूला रात्री आठनंतर किनारा कसा दिसतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता तो घराचा विषय. आमच्या बाराजणांत एक काका होते, वय सत्तरीच्या पुढे, जन्मभर रापण आणि होडी. नाव लिहीत नाही, वाड्यावर सगळ्यांना माहीत आहे. त्यांचं घर किनाऱ्याला लागून, पुढे माड, त्याखाली मांगर. त्या मांगरात त्यांची एकट्याची जाळी नाहीत, आणखी तीन होड्यांची आहेत. होड्या पावसाळ्यात त्यांच्याच जागेतून वर ओढतात. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून किनाऱ्याकडच्या जागा विचारत माणसं फिरतायत. तशी एक पार्टी वर्षभर काकांच्या मागे आहे. लीजवर द्या, एकरकमी पैसे घ्या. मुलगा म्हणतो देऊया, मासळीत आता काय राहिलंय. मुलाचंही चुकतं असं मी म्हणणार नाही. डिझेलचा भाव आणि हातात येणारी मासळी यांचा हिशेब सोसायटीच्या वहीत मीच लिहितो, मला दिसतो तो. पण ती जागा गेली की चार होड्या उघड्यावर पडतात. किनाऱ्यावर होडी लावायला जागा मागायची कोणाकडे? म्हणून काकांना आग्रह करून नेलं होतं.

काका दोन दिवस फार बोलले नाहीत. घरात मात्र सगळं बघत होते. किती गाद्या, पाणी कुठून, भांडी कोण घासतं. दुसऱ्या रात्री ओटीवर त्यांनी काकूंना सरळ विचारलं, "ह्यातून घर चालतं?" काकूंनी सरळच उत्तर दिलं. नाही चालत. फेब्रुवारी ते एप्रिल माणसं येतात, तेही शनिवार-रविवार जास्त. बाकी वर्ष आंबा, नारळ-सुपारी आणि मुंबईच्या मुलाचे पैसे. "पण घर आमचं आहे, आणि मुलं सुटीला येतात तेव्हा त्यांना हात लावायला काम असतं," असं म्हणाल्या. आणि कामाचं म्हणाल तर पहाटे चारपासून चूल, ते सगळं बायकांवर. आमच्या बायकांनी हे ऐकून माझ्याकडे जे बघितलं ते मी लक्षात ठेवलंय. उद्या आपल्याकडे असं काही ठरलं आणि काम बायकांचं असेल तर पैसे कोणाच्या खात्यात जाणार, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवायला हवं.

मग काका आपणहून बोलले. लहानपणी कासवाची अंडी खाल्लेली आहेत, बापाबरोबर जाऊन वाळूत काठी खुपसून शोधलेली आहेत, लपवायचं कशाला. आणि दोन वर्षांमागे त्यांच्या जाळ्यात मोठं कासव अडकलं होतं, तेव्हा जाळं कापून सोडलं. जाळं शिवायला आठ दिवस गेले. ते आठ दिवस कोणी भरून दिले नाहीत.

यावर तिथल्या कासवमित्राने सांगितलं ते आपल्या कामाचं आहे. महाराष्ट्रात 2018 च्या डिसेंबरपासून योजना आहे. संरक्षित प्राणी, म्हणजे कासव, डॉल्फिन, बहिरी मासा असे, जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून जिवंत सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीचे 25,000 रुपयांपर्यंत मिळतात. सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात, अर्ज करावा लागतो. योजना महाराष्ट्राची, आपल्या बोटींना ती लागू नाही. पण तशी मागणी आपण आपल्या खात्याकडे लेखी करायला काय हरकत आहे? कासव मारलं तर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली आपण आत, सोडलं तर जाळं आपलं फाटलेलं. दोन्हीकडून आपणच.

ट्रॉलरवाल्यांसाठी एक जोड. अमेरिकेने 2019 पासून आपल्या समुद्रातली पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं, कारण ट्रॉल जाळ्यात कासव बाहेर पडायची सोय नाही. त्याला टेड म्हणतात. जाळ्याच्या गळ्यात तिरकी लोखंडी जाळी, कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजाला आपटून वरच्या झडपेतून सुटतं. "मासळीही सुटते" ही आपल्या लोकांची तक्रार मला ठाऊक आहे. ती वेगळ्या बैठकीत घेऊ.

दुसऱ्या सकाळी, निघायच्या दिवशी, टोपली उचलली आणि खाली वाळू हलत होती. आधी एक काळं डोकं, मग तीन, मग मोजता येईना. तळहातापेक्षा लहान. कासवमित्रांनी परातीत घेतली, पाण्यापासून थोडी वर वाळूवर सोडली. उचलून थेट पाण्यात टाकत नाहीत, थोडं चालू देतात. दोरीमागे सगळे गप्प. फ्लॅश मारायचा नाही, हात लावायचा नाही. पिल्लं धडपडत, पावलाच्या खड्ड्यात पडत, उलटी होत निघाली. पहिली लाट आली की चार हात मागे ढकलली जायची, परत निघायची. हजारातलं एखादं मोठं होतं म्हणतात. काका उकिडवे बसले होते. एक पिल्लू भलतीकडे, आमच्या दोरीकडेच यायला लागलं तेव्हा काकांनी हात पुढे केला आणि कासवमित्र ओरडायच्या आत मागे घेतला.

जी मोठी होतात ती किती लांब जातात, याचा पुरावा आता मिळायला लागलाय. 2022 च्या जानेवारीत वेळासलाच एका मादीच्या पाठीवर सॅटेलाईट यंत्र बसवून सोडली होती, तिचं नाव प्रथमा. आणि 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला वर आलेल्या एका मादीच्या पायात बिल्ला मिळाला, तो 2021 साली ओडिशात लावलेला. पूर्व किनारा ते पश्चिम किनारा, सुमारे 3500 किलोमीटर. हे ऐकून आमच्या तांडेलांचा पहिला प्रश्न, "वाटेत किती जाळी चुकवली असतील?"

परत येताना गाडीत जे बोलणं झालं त्यातून माझं मत असं झालं. वेळासची नक्कल आपल्याला जमणार नाही. त्यांच्याकडे शांत किनारा उरलाय, आपल्याकडे उरलाय तो तुकड्यांत. पण त्यांच्याकडे नाही ते आपल्याकडे आहे. सकाळी रापण ओढताना बघायची, चाटीतली मासळी निवडायची आणि दुपारी तीच कढीत जेवायची, यासाठी माणसं येतील. ज्यांच्या घरात एक-दोन खोल्या मोकळ्या आहेत त्यांनी घर न विकता, लीजवर न देता, सीझनमध्ये पाहुणे ठेवून बघावेत. फुकटचं काम नाही हे. पर्यटन खात्यात 1982 च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. कासवाचे किनारे सीआरझेडच्या सर्वात कडक भागात येतात, तिथे नवीन बांधकामाचं नाव काढायचं नाही. आहे ते घर, आहे ती पडवी, एवढ्यातच. आणि यातून होडीचा हप्ता फिटणार नाही, हेही आजच सांगून ठेवतो. घरपट्टी, लाईट बिल, पोरांची फी एवढं निघालं तरी मला पुरे वाटेल.

काकांनी अजून सही केलेली नाही. परवा मांगरात गेलो होतो, जाळं शिवत बसले होते. पार्टीचा फोन येऊन गेला म्हणाले. "पावसानंतर बघू सांगितलंय." मुलगा तिथेच होता, तो काही बोलला नाही. पाऊस म्हणजे जून-जुलैची बंदी धरून अजून चार महिने हातात आहेत.

पुढच्या मासिक सभेत तीन विषय ठेवतोय. जाळ्याच्या नुकसानभरपाईचा मागणी अर्ज, त्याचा मसुदा तयार आहे, ऑफिसात येऊन वाचा. मोकळ्या खोल्या असलेल्या घरांची यादी, नाव द्यायला घरातल्या बाईनेच यावं अशी माझी विनंती. आणि किनाऱ्याकडचे आपल्या मांगरांवरचे हॅलोजन नोव्हेंबर ते मार्च रात्री बंद ठेवायचे की नाही, यावर हात वर करून मत. जाळ्यात कासव सोडल्याचा कोणाकडे जुना फोटो, व्हिडिओ असेल तर आत्ताच मला पाठवा, अर्जाला जोडता येईल.

आणि वेळासच्या त्या काकूंनी निरोप पाठवलाय. गोठ्याकडच्या पडवीत एक पिशवी राहिली आहे. मांजरांना लागलेली नाही.